मेहेंदळ्यांची नत्रबचत

वारजे तेव्हा पुण्यात नव्हतं. पुण्याजवळही नव्हतं, ते फक्त वारज्यात होतं. नारायण पेठेतला माणूस वारज्याला निघाला, की शेजारी 'मुक्काम करणार का?' असं विचारत. कर्वे रस्ता संपला की दोन्ही बाजूंना शेतं लागत, कालव्याच्या कडेने म्हशी चालत, आणि बसचा कंडक्टर शेवटच्या दोन-तीन उतारूंना नावानिशी ओळखत असे. हे मुद्दाम सांगायचं, कारण आज तिथे राहणाऱ्या माणसाला हे खरं वाटणार नाही, आणि हे खरं वाटलं नाही तर पुढचंही वाटणार नाही.

त्या वारज्यात शरच्चंद्र मेहेंदळे यांची वीस गुंठे जमीन होती. वडिलांनी कधीतरी घेऊन ठेवलेली. मेहेंदळे नोकरीने एका कचेरीत हेडक्लार्क, वृत्तीने वर्तमानपत्रांचे पत्रलेखक आणि सातबाराच्या उताऱ्यावर शेतकरी. पैकी शेवटच्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. कचेरीत महागाई भत्त्याचा विषय निघाला, की ते खिडकीबाहेर बघत म्हणत, "आम्हा शेतकऱ्यांचं कसं असतं..." आणि पुढे नक्की कसं असतं ते माहीत नसल्यामुळे तिथेच थांबत. जमीन कसायचा हिंदुराव, वाट्याने. वर्षाकाठी तो एक पोतं ज्वारी आणि चार सबबी आणून टाकी. ज्वारी घरात कोणी फारशी खात नसे. सबबी मात्र मेहेंदळे चवीने ऐकत.

त्यांच्या पत्नीला, पद्मजाबाईंना, यातलं काहीच चवीचं वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सज्ज्याच्या टोकाला सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक नळ, आणि त्या नळाला पाणी पहाटे. लग्न होऊन आल्यापासून पद्मजाबाई त्या नळावर उभ्या राहत आल्या होत्या. कोथरूडला तेव्हा नवे ब्लॉक निघत होते. आत नळ, आत मोरी, आत सगळं. आणि वारज्याचे आप्पासाहेब, ज्यांनी गावातली निम्मी जमीन घेऊन तिच्यावर चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, ते मेहेंदळ्यांचे वीस गुंठे घ्यायला केव्हाचे तयार होते.

"तुमच्या त्या जमिनीनं आजवर एक रुपया तरी रोख दिला का?" पद्मजाबाई विचारत.

"जमीन रोख देत नसते. जमीन आधार देते."

"मग आधाराला सांगा, उद्या पहाटे नळावर उभं राहायला."

यावर मेहेंदळे रेडिओ लावत. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी जो कार्यक्रम लागे, तो ते मटार सोलत, पण पूर्ण गांभीर्याने ऐकत. त्यातच एके दिवशी एका योजनेची माहिती लागली. युरियाचे चार हिस्से घालायचे तिथे तीनच घालायचे. चौथ्या हिश्श्याऐवजी पेरणीआधी बियाण्याला जिवाणू खत चोळायचं. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, पण हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरतात आणि पिकाला देतात. एवढं करून उत्पन्न घटलं नाही, तर शेतकऱ्याला सरकारकडून प्रोत्साहनाची रक्कम. मेहेंदळ्यांच्या हातातला मटार तसाच राहिला.

"ऐकलंस? हवेतलं खत! फुकट! आणि वर सरकार पैसे देणार!"

"तुम्हाला?" पद्मजाबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "सरकार?"

"का? मी शेतकरी नाही?"

"असं करू," पद्मजाबाई पोळी उलटत म्हणाल्या. "या जमिनीपायी सरकारनं तुमच्या हातावर एक रुपया जरी ठेवला, तरी मी पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. नाही ठेवला, तर आप्पासाहेबांना चहाला बोलवायचं. कबूल?"

"कबूल," मेहेंदळे म्हणाले. त्या क्षणी त्यांना आपण फार सोप्या अटीवर जमीन वाचवली असं वाटलं.

पहिली अडचण अर्जाची. मेहेंदळ्यांनी जन्मात जे काही लिहिलं होतं ते वाचकांच्या पत्रव्यवहारात. त्यामुळे अर्जही त्याच हाताने उतरला. सुरुवात 'अत्यंत खेदाने नमूद करावेसे वाटते की' अशी होती आणि शेवट 'संबंधित अधिकारी याची दखल घेतील काय?' असा. शेतकी कचेरीतल्या बाबूने पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली आणि कागद सवयीने तक्रारींच्या गठ्ठ्यात टाकला. काही आठवड्यांनी उत्तर आलं, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मेहेंदळे तडक त्या कचेरीत गेले. मग छापील नमुना भरून देणं आलं. त्यात 'बैलांची संख्या' असा रकाना होता. मेहेंदळ्यांनी 'निरंक' लिहिलं.

"बैल नाहीत?" बाबूने विचारलं.

"नाहीत."

"विहीर?"

"सामाईक आहे."

"नांगर?"

"हिंदुरावचा आहे."

"मग आपलं काय आहे?"

"सातबारा," मेहेंदळे म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज इतका भरून आला की बाबूने मुकाट्याने शिक्का मारला.

शेतकी कॉलेजातून जिवाणूंची पाकिटं आली. काळी भुकटी, वर सूचना: जिवाणू जिवंत आहेत, थंड जागी ठेवावेत. पेरणीला अवकाश होता आणि मेहेंदळ्यांच्या घरात थंड जागा म्हणजे माठाची तिवई. इमारतीत फ्रीज एकच, खालच्या मजल्यावर परचुऱ्यांकडे. श्यामलाताई परचुरे स्वभावाने परोपकारी. सगळ्या इमारतीचं श्रीखंड त्यांच्या फ्रीजमध्ये मुरायचं. पण जिवंत पाहुणे म्हटल्यावर त्यांनी चौकशी केली.

"शाकाहारी आहेत ना हो?"

"हवा खातात, श्यामलाताई. फक्त हवा."

"अगंबाई! मग काही प्रश्न नाही."

श्यामलाताईंचे यजमान श्यामसुंदर परचुरे हे दारूगोळा कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले आणि त्यामुळे रसायनशास्त्राचे जाणकार. त्यांनी पाकीट उजेडात धरून 'नत्राला कमी लेखू नका, मेहेंदळे' एवढंच सांगितलं. असं त्यांनी सांगितलं, की पुढे कधीतरी 'मी तेव्हाच म्हणालो होतो' असं म्हणायचा हक्क त्यांच्याकडे राहत असे.

आठवड्याने मेहेंदळे पाकिटं न्यायला गेले, तर ती वरच्या बर्फाच्या खणात, दगडासारखी. श्यामलाताईंचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "तुम्ही थंड म्हणालात, मी अगदी गारठवून दिली. परक्याचं म्हणून हयगय नाही केली हो!" पाकिटाच्या मागच्या बाजूला 'गोठू देऊ नये' असं बारीक अक्षरात छापलं होतं. मेहेंदळ्यांनी ते वाचलं आणि श्यामलाताईंचे आभार मानून ते जिना चढले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेतकी कॉलेजात गेले.

दुसरी पाकिटं त्यांनी फ्रीज टाळून थेट वापरायची ठरवली. हिंदुराव म्हणाला होता, "सायेब, हितंच बांधावर चोळू की. काय लई मोठं काम न्हाई." पण मेहेंदळ्यांना शास्त्रीय काम बांधावर होणं पसंत नव्हतं. त्यांनी बियाण्याची ज्वारी नारायण पेठेत आणली, गुळाचं पाणी केलं, त्यात काळी भुकटी कालवली, आणि कोपरापर्यंत काळे होत सगळी ज्वारी चोळली. मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जुनं धोतर पसरून ती सुकत टाकली. सावलीतच सुकवायची, ऊन लागलं की जिवाणू मरतात. तसं एका पाटीवर लिहून लावावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण आपण सुशिक्षित लोकांत राहतो या विचाराने त्यांनी ते सोडून दिलं आणि ते कचेरीत गेले.

त्या वर्षी दिवाळी लवकर होती. गच्चीवर इमारतीतल्या बायकांनी चिवड्याचे पोहे उन्हात घातले होते. वाळवणाचा एक अलिखित नियम असतो: आपलं सरकवताना दुसरीचंही सरकवायचं. ऊन फिरेल तशी धोतरं, चादरी, साड्या सगळ्या गच्चीभर फिरत राहतात, आणि कोणाच्याही पापडाला सावली लागली तर तो सगळ्या इमारतीचा अपमान समजला जातो. श्यामलाताई दुपारी वर आल्या, तर मेहेंदळ्यांची ज्वारी सावलीत पडलेली. त्यांना गलबलून आलं. बायकोने लक्ष घातलं नाही म्हणून बिचाऱ्या पुरुषमाणसाला ऊन कुठे येतं तेही कळलं नसावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी धोतराची चार टोकं धरून ज्वारी मधोमध उन्हात आणली, हाताने छान पसरली, आणि संध्याकाळपर्यंत दोनदा वर येऊन परतली.

मेहेंदळे आले तेव्हा ज्वारी कडकडीत वाळली होती आणि गुळाच्या वासाने मुंगळे आले होते. श्यामलाताई जिन्यातच भेटल्या.

"तुमचं धान्य अगदी खुटखुटीत करून ठेवलंय हो!"

 परोपकारावर रागावण्याची सोय आपल्या समाजात नाही. मेहेंदळ्यांनी मुंगळे झटकले, ज्वारी पिशवीत भरली आणि तिसऱ्यांदा शेतकी कॉलेज गाठलं. खिडकीवरच्या माणसाने मान वर करून त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"परत? किती क्षेत्र आहे आपलं?"

"वीस गुंठे."

"एवढ्या पाकिटांत आमचा सगळा तालुका झाला असता," तो म्हणाला, आणि पाकिटं देताना त्याने ती जरा मायेने दिली.

शेवटी बीजप्रक्रिया बांधावरच झाली, बाभळीच्या सावलीत, हिंदुरावच्या घमेल्यात. पेरणी झाली. खरा पेच पुढे आला. युरियाचा चौथा हिस्सा घालायचा नाही, हे हिंदुरावच्या गळी काही केल्या उतरेना.

"म्हंजी पोतं घरात असताना पिकाला अर्धपोटी ठिवायचं?"

"पिकाला हवेतून मिळणार आहे, हिंदुराव."

"हवा तर शेजारच्या वावरातबी हाय, सायेब. त्यो कुठं खत घालायचा र्‍हातोय?" हिंदुरावने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "लोक मला हसतील. म्हंतील, बामणाच्या नादानं हिंदुराव पिकाला उपास घालाय लागला."

हा माणूस दया येऊन कधीतरी अंधारात उरलेला युरिया टाकून देईल, ही शंका मेहेंदळ्यांना आली, आणि ती बरोबर होती. म्हणून त्यांनी तो चौथा हिस्सा एका गोणपाटात बांधून घेतला आणि बसने घरी आणला. कंडक्टरने गोणपाटाचं तिकीट मागितलं. मेहेंदळ्यांनी 'हे सरकारी प्रयोगाचं न वापरलेलं साहित्य आहे' असं सांगितलं. न वापरलेल्या साहित्याला सवलत नसते, असं कंडक्टर म्हणाला. घरी पद्मजाबाईंनी गोणपाटाकडे पाहिलं.

"हे काय?"

"बचत," मेहेंदळे म्हणाले.

बचत सज्ज्यात, नळाच्या वाटेवर बसली. येणाराजाणारा तिच्यापाशी अडखळू लागला. परचुऱ्यांना बातमी लागलीच. त्यांच्या खिडकीत गुलाबाच्या कुंड्या होत्या आणि त्यांतल्या एका पिवळ्या गुलाबाला पुष्पप्रदर्शनात एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. 'जरा मूठभर द्या' म्हणून ते आले. 'चिमूटभर घाला' असं मेहेंदळ्यांनी सांगितलं, पण नत्राला कमी न लेखण्याच्या तत्त्वाला परचुरे जागले आणि त्यांनी प्रत्येक कुंडीत मूठ मूठ घातली. चार दिवसांत सगळे गुलाब शेकोटीजवळ धरल्यासारखे करपले. परचुऱ्यांनी मेहेंदळ्यांशी बोलणं बंद केलं. पुण्यात बोलणं बंद करायला फार बोलावं लागतं. आपण बोलत नाही हे सांगायला परचुरे रोज संध्याकाळी वर येत.

"मी आपल्याशी बोलत नाहीये, हे आपल्या लक्षात आलंय ना?"

"आलंय."

"नाही, कालही आलो होतो तेव्हा आपण रेडिओ ऐकत होता, म्हणून विचारलं."

इकडे वारज्यात मात्र पीक आलं. मेहेंदळे दर रविवारी जात. ज्वारीची ताटं कमरेला लागली, मग छातीला, मग मेहेंदळे पिकात उभे राहिले की फक्त त्यांची टोपी दिसे. ते शेतात उभे राहून नुसते हवेकडे बघत. या हवेतून आपल्या ज्वारीला कोणीतरी अदृश्य घास भरवतंय, या कल्पनेने त्यांचा ऊर दाटून येई. कचेरीत 'आम्हा शेतकऱ्यांचं कसं असतं' हे वाक्य त्यांना आता पुरं करता येऊ लागलं, आणि लोक त्यांना टाळू लागले.

कणसं बाहेर पडल्यावर कृषी सहाय्यक संपत गव्हाणे मोजणीची जागा आखायला आले. तरुण, नेटके, सायकलच्या कॅरिअरला खुंट्या आणि दोरी लावून. त्यांनी शेताच्या मधोमध चार खुंट्या ठोकून दोरीचा चौकोन केला. "या चौकोनातलं धान्य काढणीच्या वेळी तोलायचं. त्यावरच आपली रक्कम ठरणार. इथल्या कणसाला कोणी हात लावायचा नाही." मेहेंदळ्यांनी चौकोनाला हात जोडले. हिंदुराव त्या दिवशी सोयरिकीला गेला होता. परत आल्यावर त्याने दोरी पाहिली, चौकोन पाहिला, मनाशी काहीतरी समजला, आणि त्या दिवसापासून गोफण घेऊन तो चौकोन पाखरांपासून जिवापाड राखू लागला. ते पाहून त्याला वेगळं काही सांगायची गरज मेहेंदळ्यांना वाटली नाही.

पौषात ज्वारी हुरड्यावर आली. परचुऱ्यांचं न बोलणं आता असह्य झालं होतं. तेव्हा समेट म्हणून मेहेंदळ्यांनी सगळ्या इमारतीला हुरड्याचं आमंत्रण दिलं. पद्मजाबाई आजवर एकदाही शेतावर गेल्या नव्हत्या. 'विकायच्या वस्तूला बघायला कशाला जायचं' असं त्या म्हणत. पण सगळी इमारत निघाली आणि दह्याचं भांडं सांभाळायला त्यांच्याशिवाय भरवशाचं कोणी नव्हतं.

तो रविवार फार सुंदर होता. थंडी होती, ऊन होतं. हिंदुरावने बांधाजवळ खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या होत्या. त्याची बायको मथुराबाई कणसं निखाऱ्यात खुपसून भाजे, हिंदुराव ती गरम गरम तळहातावर चोळी, आणि हिरवा, वाफाळता हुरडा घोंगडीवर पडे. लसणाची चटणी, शेंगदाणे, दही, गूळ. पेठेतली माणसं, जी एकमेकांना पाणीसुद्धा विचारून देत, ती मांडीला मांडी लावून एकाच ढिगातून खात होती. श्यामलाताईंनी पदर खोचला आणि स्वतः चोळायला बसल्या. परचुरे सातव्या की आठव्या मुठीनंतर बोलते झाले. "मी तेव्हाच म्हणालो होतो," ते म्हणाले. मेहेंदळ्यांना बरं वाटलं.

आणि मग त्यांना राहवेना. ते उभे राहिले आणि भाषण सुरू झालं.

"मंडळी, हा जो गोडवा आहे, हा कुठून आला? युरियातून नाही! हवेतून आला! नीट चव घ्या. हिंदुराव, आणखी द्या. ही मऊ, दुधाळ कणसं म्हणजे माझ्या अदृश्य मित्रांचे श्रम आहेत!" त्यांनी स्वतः तिसऱ्यांदा मूठ भरून घेतली. "आता मी तुम्हाला ती जागा दाखवतो, जिच्यावर सगळं अवलंबून आहे. शासनाने आखलेला चौकोन. चला!"

हातात हुरडा घेऊन सगळे मागोमाग निघाले. मेहेंदळ्यांनी ताटं बाजूला सारली. चार खुंट्या जागच्या जागी होत्या. दोरीही होती. आत नुसती ताटं उभी होती, शेंड्याला कणीस नसलेली.

"हिंदुराव," मेहेंदळे अगदी हळू म्हणाले, "इथली कणसं कुठे आहेत?"

"ही काय," हिंदुरावने परचुऱ्यांच्या मुठीकडे बोट दाखवलं. तो समाधानाने हसत होता. "हुरड्याला पाव्हणं यायचं म्हटल्यावर चांगला तुकडा राखून ठिवायची रीतच हाय आमच्यात. सायबांनी तर दोरी बांधून ठिवला! म्हटलं, येवढ्या हौसेनं राखलंय, तर पाखरू बसू द्यायचं न्हाई. एक कणीस वाया न्हाई गेलं, सायेब. समदी हितलीच खाल्ली."

 प्रत्येकाच्या हातात हुरडा होता आणि तो खावा की ठेवावा हे कोणाला कळेना. शेवटी परचुऱ्यांनी घसा साफ केला.

"म्हणजे मेहेंदळे, आत्ता आपण शासकीय पुरावा खाल्ला म्हणायचं. चटणी लावून."

मेहेंदळे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग ओठ थरथरले, आणि मग ते हसू लागले. आधी नाकातून, मग छातीतून, मग पोट धरून. 'अदृश्य मित्र' असं म्हणायला जात आणि वाक्य पुरं होत नसे. ते बांधावर बसले, डोळ्यांना पाणी आलं, टोपी पडली, आणि हसणं काही थांबेना. मग सगळेच हसले. हिंदुरावला काय झालं ते कळलं नव्हतं, पण तोही हसला. एकट्या पद्मजाबाई हातात दह्याचं भांडं धरून नवऱ्याकडे बघत उभ्या होत्या.

काढणीला संपत गव्हाणे तराजू घेऊन आले.

"चौकोनातलं उत्पन्न?"

"खाल्लं," मेहेंदळे म्हणाले.

"कोणी? पाखरांनी? पाखरांसाठी रकाना आहे. रानडुकरांसाठी आहे."

"शेजाऱ्यांनी."

गव्हाण्यांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. "शेजाऱ्यांसाठी रकाना नाही, साहेब." मग त्यांनी आजूबाजूच्या पिकाकडे पाहिलं. पीक खरोखरच चांगलं होतं. "असं करतो, पाखरं लिहितो. गावची सरासरी धरून तुमची रक्कम बसेल. पीक डोळ्यांनी दिसतंय मला. कोणी विचारायला येत नाही."

 पाखरं हा एवढा एक शब्द, आणि जमीन राहत होती. मेहेंदळ्यांनी बाभळीकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. हे सगळं आपलं आहे, असं सांगायची सवय किती खोल गेली आहे ते त्यांना तेव्हा कळलं.

"नको," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी पेपरातून सरकारला खरं बोलायला सांगतोय. परचुरे पाखरू नाहीत. निरंक लिहा."

घरी येऊन त्यांनी पद्मजाबाईंना एका दमात सगळं सांगितलं, पाखरांसकट. आणि शब्दाला जागून रविवारी आप्पासाहेबांना चहाला बोलावलं.

आप्पासाहेब आले. पांढरा लेंगा, सदरा, बोटांत अंगठ्या, बरोबर पेढे. ऐसपैस माणूस. "म्हेंदळेसाहेब, तुमी काय बी काळजी करू नका. कागुद मी करतो, तुमी नुसती सही करायची. वैनी, तुमाला कोथरूडला ब्लॉक बी मीच बगून देतो. चोवीस तास पाणी!"

पद्मजाबाईंनी चहा ठेवला. मेहेंदळे खुर्चीत ताठ बसले होते, दात काढून घ्यायला बसतात तसे.

"काय करणार तुम्ही तिथे?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"आदी तर समदं सपाट करनार," आप्पासाहेब म्हणाले.

"मग नको," पद्मजाबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांचा कप अर्ध्यावर थांबला. मेहेंदळे दचकून म्हणाले, "अगं, आपलं ठरलं होतं. एक रुपयाही मिळाला नाही. मी हरलोय."

"हरलात ते माहितीये मला."

"मग?"

"अहो, लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून तुम्ही हसलेले मला आठवत नाही. रेडिओवर विनोदी कार्यक्रम लागला तरी 'बरा आहे' म्हणता. त्या दिवशी तुम्ही हसलात."

"मी काही तसा..." मेहेंदळ्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. परक्या माणसादेखत हे चाललंय याने ते हैराण झाले. "थोडंसं स्मित केलं असेल."

"पोट धरून हसलात. टोपी पडली तुमची. सगळ्या इमारतीनं पाहिलंय." पद्मजाबाईंचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "ब्लॉकमध्ये नळ मिळेल हो. पण तिथे बसून तुमचा तोच चेहरा बघायचा असेल, तर नळ घेऊन मी काय करू?"

 आप्पासाहेबांनी चहा संपवला, अनुभवी माणसाप्रमाणे पेढ्यांचा पुडा तिथेच राहू दिला आणि ते 'बगा, घाई न्हाई' म्हणत जिना उतरले. मेहेंदळ्यांनी उठून रिकामे कप एका जागी ठेवले. त्यांना खूप काही बोलायचं होतं. वर्तमानपत्राला लिहायचं असतं तर दोन कॉलम सहज झाले असते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "चहा चांगला झाला होता."

पुढच्या वर्षी ती योजना गुंडाळली गेली. प्रोत्साहन मिळण्याइतकं उत्पन्न तोलून दाखवणारे शेतकरी फारसे सापडले नाहीत म्हणे. हुरडा मात्र दर पौषात होत राहिला. परचुरे दर वर्षी पुराव्याचा विनोद करीत आणि मेहेंदळे दर वर्षी तितकेच हसत. मग वारज्यापर्यंत पुणं आलं, आणि पुण्याला वळसा घालणारा मोठा रस्ताही आला, नेमका त्या वीस गुंठ्यांवरून. सरकारने अखेर त्या जमिनीचे पैसे दिले, पण जमीन ठेवून घेतली. त्यातून कोथरूडला एक लहानसा ब्लॉक झाला. त्यात मेहेंदळे थोडीच वर्षं राहिले.

पद्मजाबाई अजून आहेत. वारज्याला भाची असते, तिच्याकडे महिन्यातून एकदा रिक्षाने जातात. त्या मोठ्या रस्त्याच्या पुलाखालचा चौक आला, ट्रकांचे हॉर्न, टपऱ्या, सिग्नलला तुंबलेली गर्दी, की त्या पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावतात.

"जरा हळू घ्या हो," त्या म्हणतात, "आमचं शेत आलं."